‘मायामच्छिंद्र’ पाहण्याआधी

श्रावणात आमच्याकडे पालमला नवनाथांची पोथी लागायची. गुरंढोरं बांधून, भाकरी खाऊन माणसं ओसरीवर जमायची. एक जण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा. वाचणाऱ्याचा सूर एकच, लांबट, शेवटाला जरासा उतरणारा. अर्थ सांगणाऱ्याचा मात्र दर वाक्याला बदलायचा; तो मधेच डोळे मोठे करायचा, मधेच एकदम गप्प व्हायचा. चाळीस अध्यायांची पोथी. गोरखनाथ उकिरड्यातून ‘अलख’ म्हणत बाहेर येतो, त्या रात्री आम्ही लेकरं पुढे सरकून बसायचो. स्त्रीराज्याच्या अध्यायाला मोठी माणसं पुढे सरकायची.

मला मात्र स्त्रीराज्याचाच अध्याय सगळ्यात जास्त आवडायचा. ज्या राज्यात पुरुष पाऊल ठेवू शकत नाही, जिथे वेशीवर प्रत्यक्ष मारुतीचा भुभुकार घुमतो, तिथे मच्छिंद्रनाथ जातो, राणीचा होऊन राहतो, आणि वर्षांमागून वर्षं गेल्यावर शिष्य त्याला शोधत येतो. हे राज्य कुठे असेल याचा मी फार विचार करायचो. आमच्या तालुक्यात गोदावरीच्या पात्रात जांभुळबेट आहे. चारी बाजूंनी पाणी, मध्ये जांभळांची गर्द झाडी, झाडीत मोर. नावेशिवाय जाता येत नाही. पहिल्यांदा थोरल्यांबरोबर नावेतून तिकडे जाताना मी काठाकडे एकटक बघत होतो. झाडीतून आता कुणी तलवार घेतलेली बाई पुढे येईल आणि आम्हाला थांबवील, असं मला खरोखर वाटत होतं. आली नाही. पण पुढे बऱ्याच वर्षांनी पुण्यात एका अंधाऱ्या खोलीत मला ती दिसली. सिंहासनावर बसली होती आणि तिच्या पायाशी चित्ता होता.

ती राणी होती दुर्गा खोटे, आणि चित्रपट होता ‘मायामच्छिंद्र’. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली काढलेला, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला, मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत बनलेला. पुढची पानं त्याच्याविषयी आहेत. चित्रपट प्रसंगवार उलगडून सांगण्याआधी वाचकाला त्याच्या वेशीपर्यंत आणून सोडावं, एवढ्यासाठी ही प्रस्तावना. ती लांबली आहे. पण ज्या चित्रपटाला मराठी माणसाने आपलं म्हणायला हवं होतं आणि तो नुसता यादीतल्या नावापुरता उरला, त्याच्याविषयी थोडक्यात लिहिणं मला जमलं नाही.

तलवार, जादू, शापित राणी, गुहेतला सिद्ध, दूरदेशी निघालेला तरुण वीर, या जातीच्या कथांना इंग्रजीत ‘तलवार आणि जादूटोणा’ अशा अर्थाचं एक नाव आहे. फ्रिट्झ लायबर या अमेरिकन लेखकाने ते १९६१ मध्ये सुचवलं. या कथांचा सगळ्यात प्रसिद्ध नायक म्हणजे रॉबर्ट हॉवर्डचा कॉनन. त्याची पहिली कथा ‘विअर्ड टेल्स’ नावाच्या अमेरिकन मासिकात छापून आली, ती डिसेंबर १९३२ च्या अंकात. म्हणजे टेक्सासमधला एक तरुण टंकलेखन यंत्रावर आपला हा तलवारबहाद्दर घडवत होता, त्याच वर्षी कोल्हापुरात पाच भागीदारांची कंपनी मच्छिंद्रनाथाला स्त्रीराज्यात पाठवत होती. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नाही. पण कॉननवर मोठा चित्रपट यायला १९८२ साल उजाडावं लागलं. मी तो नांदेडला शिकायला असताना भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला आणि अक्षरशः भारावून गेलो. त्यातलं चाक ढकलणारं पोरगं मोठं होऊन पिळदार पुरुष होतं, ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं, की या जातीचं काम आपल्याकडे त्याच्या पन्नास वर्षं आधी झालंय आणि तेही तुझ्या ओसरीवरच्या पोथीतल्या कथेवर, तर मी दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरली असती.

आपल्या भागातल्या माणसाला ही दुनिया परकी कधीच नव्हती. शाबरी विद्या, वाताकर्षणास्त्र, स्पर्शास्त्र, पर्वतास्त्र ही नावं पालमच्या ओसरीवर निरक्षर म्हातारीलाही पाठ. धुंडीसुत मालू यांनी ‘नवनाथ भक्तिसार’ ही पोथी शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पुरी केली. तेव्हापासून दोनशे वर्षं मराठी खेड्यांनी जादूच्या लढायांचा हा एवढा मोठा ऐवज दर श्रावणात ऐकून जिवंत ठेवला. पुढे ‘चांदोबा’ आला. मराठी अंक १९५२ पासून. ज्या नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी तो मद्रासहून काढला, त्यांनीच त्याच्या आदल्या वर्षी तेलुगूत ‘पाताळ भैरवी’ हा मांत्रिक, राजकन्या आणि माळ्याच्या पोराचा चित्रपट निर्माण केला होता. म्हणजे मासिकाचं पान आणि सिनेमाचा पडदा हे एकाच घरचे. आमच्याकडे नांदेडपलीकडे लगेच तेलुगू सुरू होते; या गोष्टींना सरहद्द नाही.

नाथांच्या कथेची आपली म्हणून एक खूण आहे. पश्चिमेच्या कथेत नायकाच्या हातात तलवार असते आणि जादू शत्रूकडे असते. आपल्याकडे नायक नागवा, कानात मुद्रा, खांद्याला झोळी, आणि शस्त्र म्हणजे चिमूटभर भस्म. तलवारी, सैन्य, सिंहासन, चित्ता हे सगळं राणीच्या बाजूला. त्यामुळे लढाई पोलादाची पोलादाशी होत नाही. ज्याच्याकडे काहीच नाही आणि जिच्याकडे सगळं आहे, त्या दोघांची ती होते. ‘मायामच्छिंद्र’ बघताना ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर पहिल्या अर्ध्या तासात कंटाळा येणार नाही.

आता प्रभातविषयी. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी ही कंपनी काढली. पहिले चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले. बाबूराव मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. परदेशी कॅमेरा परवडेना तेव्हा त्यांनी कोल्हापुरातच स्वतः कॅमेरा तयार केला, आणि त्या खटपटीत दामले त्यांच्या हाताशी होते. ही माणसं पुस्तकातून सिनेमा शिकली नाहीत. लाकूड, रंग, काच, लेथ आणि रसायनं यांच्यातून शिकली. फत्तेलाल चित्रकार. मच्छिंद्रनाथाच्या या कथेचे महाल, दालनं, पोशाख त्यांच्या नजरेतून उतरले. पुढे दामले आणि फत्तेलाल या जोडीनेच १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तुकारामाचं विमान ज्यांनी आकाशात नेलं, त्यांचे हात आधी इथे बसले होते, हे फारसं कुणी सांगत नाही.

जादू कशी करायचे, हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचा. हँडलच्या एका फेऱ्याला आठ फ्रेम, सेकंदाला साधारण दोन फेरे. एकाच फिल्मवर दोन दृश्यं उमटवायची, तर भिंगासमोर काळा पुठ्ठा धरून अर्धी चौकट झाकायची, फेरे मोजत चित्रण करायचं, मग भिंग पूर्ण बंद करून तितकेच फेरे उलटे फिरवून फिल्म मागे घ्यायची, पुठ्ठा दुसऱ्या बाजूला सरकवायचा आणि पुन्हा तेवढेच फेरे. मधल्या काळात कॅमेरा केसभरही हलता कामा नये. कुणी तिवईला धक्का दिला, कुणाची मोजणी चुकली, तर सिद्धाचा अर्धा देह एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे. आणि चूक कळणार कधी, तर निगेटिव्ह धुऊन झाल्यावर. माणूस नाहीसा करायचा तर कॅमेरा थांबवून बाकी सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं, नाहीशा होणाऱ्याने चौकटीबाहेर जायचं, मग कॅमेरा पुन्हा सुरू. हात वर केलेल्याचा हात तसाच वर राहिला पाहिजे. या शाळेत जी माणसं दहा-बारा वर्षं घासली होती, त्यांनी ‘मायामच्छिंद्र’ घडवला. आज संगणकावर हे काम खुर्चीत बसून होतं, आणि चांगलं होतं. तरी मला त्या मोजणीत एक प्रकारची साधना दिसते. मंत्राचा जप मोजून करायचा असतो, तसं.

बोलपट येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. ‘आलमआरा’ १९३१ चा. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट फेब्रुवारी १९३२ चा. पार्श्वगायन अजून आलं नव्हतं. नटाने कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतः गायचं, साथीदारांनी चौकटीच्या कडेबाहेर बसून वाजवायचं, आणि सगळं एकाच वेळी टिपलं जायचं. चुकलं तर अभिनयासकट पहिल्यापासून. म्हणून या चित्रपटातलं गाणं ऐकताना मला तबल्याच्या बोलाइतकाच त्या दालनाचा घुमारा महत्त्वाचा वाटतो. तो खरा आहे. त्या दिवशी त्या जागी हवा जशी होती, तशी ती ऐकू येते.

आणि ही कथा मुळात कानाचीच. पोथीत गोरख कलिंगा नावाच्या गणिकेच्या मेळ्यात शिरतो, बाईचा वेश घेतो, राणीच्या दरबारात मृदंग वाजवायला बसतो. तोंडाने बोलायची सोय नाही, म्हणून तो थापेतून निरोप पाठवतो: गुरुजी, उठा, गोरख आला आहे. दरबाराला ताल ऐकू येतो, एकट्या मच्छिंद्राला शब्द. लहानपणी अर्थ सांगणारे आजोबा इथे मांडीवर हात आपटून दाखवायचे. हाक ऐकू येणं आणि न येणं, यावर जी गोष्ट उभी आहे, तिला मूकपट काय न्याय देणार? ती बोलपटाची वाट बघत होती, असं म्हटलं तर चूक होणार नाही.

चित्रपटाची कथा थेट पोथीवरून घेतलेली नाही. मणिशंकर त्रिवेदी यांच्या ‘सिद्धसंसार’ या नाटकावर ती आधारलेली आहे. मच्छिंद्र आपल्या शिष्याला माया म्हणजे काय ते शिकवायला निघतो. स्वतः स्त्रीराज्यात जातो, पुरुषांचा द्वेष करणाऱ्या राणी किलोतळेच्या मोहात सापडल्यासारखा राहतो. गोरख हादरतो. ज्याच्या शब्दावर आयुष्य ओवाळून टाकलं, तो गुरूच बुडाला, मग आपण कुणाचे? तो सोडवायला जातो. शेवटी कळतं की हा सगळा खेळ गुरूने रचलेला होता.

मच्छिंद्राचं काम गोविंदराव टेंबे यांनी केलं. तेव्हा ते पन्नाशीत होते. हार्मोनियमवरचा त्यांचा हात, ‘मानापमान’ नाटकाला १९११ मध्ये दिलेल्या चाली, हे सगळं मागे ठेवून ते आले होते. या चित्रपटाचं संगीतही त्यांचंच. त्यांचा अभिनय आजच्या डोळ्याला जड वाटेल. रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला जी वाणी लागते, ती त्यांनी ध्वनिग्राहकासमोरही सोडली नाही. पण मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. ते राणीजवळ बसलेले असतानाही कुठेतरी दुसरीकडे आहेत, असं वाटत राहतं. पहिल्यांदा बघताना तो अवघडलेपणा वाटतो. शेवट कळल्यावर पुन्हा बघा. तोच अवघडलेपणा अर्थाचा होतो. हे त्यांनी जाणून केलं की आपसूक झालं, हे ठरवायची मला गरज वाटत नाही. पडद्यावर ते आहे.

गोरख झाले मास्टर विनायक. वय सव्वीसच्या आसपास. पुढे ‘छाया’ आणि ‘ब्रह्मचारी’ दिग्दर्शित करणारे हेच. त्यांच्या गोरखाच्या डोळ्यांत राग आहे. भक्ती आहेच, पण भक्तीला तडा गेल्यावर येतो तो राग. ज्यांनी कुणाला गुरू मानलं आणि मग त्या माणसाला साध्या माणसासारखं वागताना पाहिलं, त्यांना तो राग ओळखीचा वाटेल.

पण चित्रपट दुर्गाबाईंचा आहे. त्या मुंबईच्या सुखवस्तू लाड घराण्यातल्या, सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या. चांगल्या घरच्या बाईने सिनेमात जायचं नाही, असा तो काळ. संसारावर पैशाची अडचण आली तेव्हा त्या या कामाकडे वळल्या, आणि ‘अयोध्येचा राजा’मध्ये त्यांची तारामती लोकांनी पाहिली. हरिश्चंद्र टेंबेच होते. म्हणजे ज्या प्रेक्षकाने काही महिन्यांपूर्वी या दोघांना सत्त्वासाठी राज्य सोडणारं जोडपं म्हणून पाहिलं, त्यालाच आता तो सिद्ध आणि ही राणी दिसली. सोशिक तारामती सिंहासनावर ताठ बसून हुकूम देऊ लागली. त्या प्रेक्षकाला काय वाटलं असेल, याची कल्पना करा.

आणि तो चित्ता. चित्ता म्हणजे पिंजऱ्यातलं जनावर नव्हे, राणीच्या हाताखालचं. कोल्हापूर हे तेव्हा चित्त्यांचं गाव होतं. दरबारात शिकारी चित्ते पाळलेले, त्यांना सांभाळणारे चित्तेवान, चित्त्याकडून काळवीट धरवायची शिकार हा संस्थानचा मोठा शौक. म्हणून राणीच्या पायाशी चित्ता असणं कोल्हापूरकराला नुसतं कल्पनेतलं वाटलं नसेल. ती त्याच्या ओळखीची सत्ता होती, फक्त बाईच्या हातात दिलेली. दुर्गाबाई त्या जनावराजवळ ज्या सहजपणे वावरतात, त्यात कॅमेऱ्याची करामत नाही. दोन जिवंत देह एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर आहेत. त्या काळच्या जादूपटांतलं सगळं खोटं ठरू शकेल, हे नाही. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. या रिळांवर तो अजून आहे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणातच मी हा चित्रपट पालमला दाखवला. हिंदी प्रत होती. पोथी संपल्यावर त्याच ओसरीवर पांढरी चादर ताणली, लहान प्रोजेक्टर लावला. वीस-बावीस माणसं असतील. पोरं अर्ध्यात उठून गेली, हे लपवत नाही. काळा-पांढरा पडदा, खरखरणारा आवाज, संथ बोलणं. त्यांच्या हातात मोबाईल होते. पण पोथी ऐकणारी जुनी माणसं जागची हलली नाहीत. त्यांना कथा समजावून सांगावी लागली नाही. उलट तीच एकमेकांना सांगत होती, आता मारुती येईल, आता कलिंगा येईल. चित्रपट वेगळ्या वाटेने गेला की कुजबुज व्हायची. राणीचं नाव किलोतळा ऐकताच एकाने सांगितलं, हीच मैनाकिनी.

शेवट झाला. सगळी माया होती, असं पडद्यावर कळलं. कोपऱ्यात बसलेल्या एक आजी बराच वेळ चादरीकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, “लेकरा, सगळी मायाच व्हती मनतो. मग त्या राणीचं काय? ती खोटी, तर तिचं रडनं बी खोटंच का? कामून?”

मला उत्तर देता आलं नाही. हे पुस्तक त्या प्रश्नातून निघालं.

पोथीत या प्रश्नाची सोय आहे. तिथे मैनाकिनी सिंहलद्वीपातली, शापाने स्त्रीराज्यात आलेली. मच्छिंद्राचा आणि तिचा संसार तिथे खराच होतो, मीननाथ नावाचा मुलगा होतो. गोरख गुरूला घेऊन निघतो तेव्हा राणीचा शाप सरतो, ती आपल्या ठिकाणी परत जाते. तिच्या वाट्याला दुःख येतं, पण सुटकाही येते. पोथी कुणालाच नुसतं साधन म्हणून वापरून टाकून देत नाही. मच्छिंद्र झोळीत सोन्याची वीट घेऊन निघतो, गोरख ती फेकून देतो आणि गर्भगिरीचा डोंगरच सोन्याचा करून दाखवतो, तिथेही मोह खरा आहे, वीट खरी आहे. गुरू खरोखर चुकतो आणि शिष्य त्याला खरोखर सावरतो. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात त्याच गर्भगिरीच्या रांगेत, आष्टी तालुक्यातल्या सावरगावला मायंबाच्या डोंगरावर मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात. तिथे जाणारे भाविक चुकलेल्या आणि परत आलेल्या सिद्धाला नमस्कार करतात. मला ते फार मोठं वाटतं.

चित्रपटाने गुरूला चुकू दिलं नाही. सगळा खेळ त्याचाच होता, असं ठरवून त्याची अब्रू राखली आणि राणीला हवेत विरघळवलं. माझ्या मते हा चित्रपटाचा दोष आहे, आणि तो छोटा नाही. बाई म्हणजे मोह, मोह म्हणजे भ्रम, असा हिशेब त्यात आहे. १९३२ चा काळ होता असं म्हणून मी तो झाकणार नाही, कारण १८१९ च्या पोथीत तो इतका सरळ नाही.

पण चित्रपट आपल्याच शिकवणीपेक्षा मोठा झाला, हे त्या आजींनी मला दाखवलं. कथा म्हणते राणी नव्हतीच. पडद्यावर दुर्गाबाई बसलेल्या असतात, मान ताठ, हात चित्त्याच्या पाठीवर, आणि त्या इतक्या आहेत, की नव्हती म्हणणं जिभेवर येत नाही. त्यांनी त्या बाईला भ्रम म्हणून उभं केलं नाही. तिला राज्य आहे, राग आहे, आवड आहे, अपमान आहे. शांतारामांच्या कॅमेऱ्यानेही तिला तसंच पाहिलं. म्हणून सगळं माया होतं हे वाक्य ऐकल्यावर प्रेक्षकाला सुटल्यासारखं वाटत नाही. काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटतं. नव्वद वर्षांनी पालमच्या ओसरीवर एक बाई त्या बाईची बाजू घेते. जादूपटाने यापेक्षा मोठी जादू काय करायची असते?

मी या जातीचे पुष्कळ चित्रपट पाहिले. डग्लस फेअरबँक्सचा १९२४ चा ‘बगदादचा चोर’, हॅरीहाउसनच्या हाडांच्या सापळ्यांची तलवारबाजी असलेला १९६३ चा ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’. सगळे मला प्रिय आहेत. सापळ्यांच्या त्या एका लढाईला साडेचार महिने लागले होते, आणि ते तपासून बघितलं तरी शिवण दिसत नाही. कारागिरीत ‘मायामच्छिंद्र’ त्यांच्या पुढे आहे असा दावा मी करणार नाही. फेअरबँक्सच्या एका महालाच्या खर्चात कोल्हापूरचे कितीतरी चित्रपट झाले असते. पण जादू खरी की खोटी, हा प्रश्न स्वतः जादूपटानेच विचारावा, आणि तो नुसत्या गंमतीसाठी न विचारता गुरू-शिष्यांच्या जिवावर बेतवावा, हे मला या चित्रपटाइतकं दुसरीकडे सापडलं नाही. सिनेमा म्हणजे पांढऱ्या पडद्यावरची सावलीच की. ती माया आहे हे माहीत असूनही आपण रडतो. हे ज्यांनी नुकतं शिकून घेतलं होतं, त्यांनीच ही कथा निवडली.

प्रभात पुढे पुण्याला गेली, मोठी झाली, १९५३ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आज चित्रपटाचं शिक्षण देणारी संस्था आहे. ‘तुकाराम’, ‘माणूस’, ‘शेजारी’ यांच्याविषयी चांगलं लिहिलं गेलं, आणि ते योग्यच झालं. ‘मायामच्छिंद्र’ मात्र सामाजिक आशय शोधणाऱ्यांना पौराणिक वाटला आणि भाविकांना नाटकी. दोघांच्या मधे तो राहून गेला. त्याचा खरा प्रेक्षक श्रावणात ओसरीवर बसलेला होता आणि त्याला कुणी दाखवलाच नाही. १९३२ साली पालम निजामाच्या राज्यात होतं. कोल्हापूर म्हणजे आमच्यासाठी दुसरा मुलूख. आता तसं काही नाही.

या पुस्तकात चित्रपट प्रसंगाप्रसंगाने सांगितला आहे, पोथीतला भाग शेजारी ठेवून. जिथे दोघं वेगळे होतात तिथे मी जरा थांबलो आहे. अभ्यासकांना काही भाग पसरट वाटेल. पण मी तो आमच्या तिकडच्या वाचकासाठी लिहिला आहे, ज्याला शाबरी विद्या माहीत आहे पण शांतारामांचं हे काम माहीत नाही. आणि पुण्या-मुंबईच्या वाचकासाठीही, ज्याचं याच्या उलट आहे.

एक विनंती करतो. पुस्तक वाचण्याआधी चित्रपट पाहा, आणि एकट्याने पाहू नका. घरात किंवा शेजारी नवनाथांची पोथी ऐकलेलं जुनं माणूस असेल, आई, आजी, चुलता, कुणीही, त्यांना शेजारी बसवा. आवाज मोठा ठेवा, खरखर असू द्या. मधे मधे ती माणसं बोलतील, चूक काढतील, पुढचं आधीच सांगून टाकतील. त्यांना थांबवू नका. आणि शेवट झाल्यावर राणीविषयी ती काय म्हणतात ते मला जरूर कळवा. आजींना द्यायचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

पालम, जि. परभणी
श्रावण